हिंगणघाटला थांबलेला माणूस

पाचोडच्या बाजारात मोसंबीचे ढीग लागले होते. त्यातली एक उचलून नातवाने विचारले, पृथ्वी अशीच ना? मी म्हटले, जवळपास. फक्त वरून-खालून जराशी बसकी. मग डोंगराची उंची कुठून मोजायची, हा त्याचा पुढचा प्रश्न. मला विल्यम लॅम्बटन आठवला.

हा यॉर्कशरचा गडी इंग्रजी फौजेत अधिकारी होता. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत अंधारात भलतीकडे निघालेल्या तुकडीची चूक त्याने ताऱ्यांवरून ओळखली. सरकारला नकाशे हवे होते, याला पृथ्वीचा आकार! १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ त्याने साखळीने सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजायला घेतली. तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या ठिकाणाचे कोन घ्यायचे, त्रिकोण जुळवायचा आणि त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण रचायचा. उत्तरेकडे जाताना अक्षांशाच्या एका अंशाची लांबी किती वाढते, यावरून पृथ्वीचा बसकेपणा कळतो.

१८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना अर्ध्या टनाचे थिओडोलाइट दोर तुटून भिंतीवर आदळले. दुसरा कोणी काम गुंडाळून मायदेशी गेला असता. याने तंबूत बसून, ठोकून-ठोकून वाकलेले चक्र काही आठवड्यांत सरळ केले.

आता नातवाचा प्रश्न. दूरच्या शिखराचा नुसता कोन घेऊन भागत नाही. १६० किलोमीटरवर जमिनीच्या गोलाईनेच शिखर सुमारे दोन किलोमीटर खाली गेलेले असते. ते हिशेबात मिळवावे लागते, हवेने वाकलेल्या किरणाची वजावटही करावी लागते. त्यासाठी पृथ्वीचा आकार आधी माहीत हवा. १८५६ साली एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली, ती अशाच दूरच्या ठाण्यांवरून घेतलेल्या कोनांतून.

तीही समुद्रसपाटीपासून, बरे का. पृथ्वीची त्रिज्या विषुववृत्तावर ध्रुवापेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त. त्यामुळे विषुववृत्ताजवळच्या इक्वाडोरमधला चिंबोराझो ६,२६३ मीटरचाच असूनही त्याचा माथा पृथ्वीच्या केंद्रापासून ८,८४९ मीटरच्या एव्हरेस्टपेक्षा सुमारे दोन किलोमीटर दूर पडतो. नातवाला हे अजिबात पटले नाही.

लॅम्बटन हिमालयापर्यंत पोचलाच नाही. हैदराबादहून नागपूरला निघालेला असताना २० जानेवारी १८२३ रोजी वाटेत हिंगणघाटला तो वारला. शिखराला पुढे नाव लागले ते त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टचे. लॅम्बटनची कबर हिंगणघाटातच आहे. पुढच्या सुटीत नातवाला तिकडे नेणार आहे.