‘थ्री नॉट थ्री’मागचा घड्याळजी: जेम्स पॅरिस ली

‘थ्री नॉट थ्री’ हे नाव तुम्ही सिनेमात ऐकलंच असेल. आमच्या बीडमध्ये झेंडावंदनाच्या संचलनात पोलिसांच्या खांद्यावर लाकडी दस्त्याची लांब रायफल असायची, तीच ही. ३०३ हा मॉडेल नंबर नाही. नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच, म्हणजे साधारण ७.७ मिलिमीटर, त्यावरून हे नाव पडलं. तिची यंत्रणा सुचली ती जेम्स पॅरिस ली यांना.

ली यांचा जन्म १८३१ चा, स्कॉटलंडमधल्या हॉइक गावचा. ते लहान असतानाच घरचे कॅनडात गेले. तिथे ते घड्याळाचं काम शिकले. छोटे भाग, स्प्रिंगा आणि बारीक मापं यांचा हात तिथेच बसला. पुढे ते अमेरिकेत विस्कॉन्सिनला आले. यादवी युद्धाच्या काळात त्यांना १,००० कार्बाइनची सरकारी ऑर्डर मिळाली, पण नळीच्या मापावरून वाद झाला आणि सैन्याने माल नाकारला. आपल्या भाषेत, स्पेसिफिकेशनमध्येच घोळ!

ली यांनी नाद सोडला नाही. तेव्हाच्या बऱ्याच रायफलींत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक भरत. १८७९ मध्ये ली यांनी पेटंट घेतलं ते पत्र्याच्या पेटीचं. ही पेटी बोल्टच्या खाली बसते. तिच्यात काडतुसं एकावर एक, आणि खालून स्प्रिंग त्यांना वर ढकलते. बोल्ट मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवं नळीत. आजच्या रायफलींचं मॅगझिनही याच तत्त्वावर चालतं.

१८८८ मध्ये ब्रिटनने ही यंत्रणा विल्यम मेटफर्ड यांच्या नळीसोबत स्वीकारली. गंमत म्हणजे काडतुसात दारू जुनीच होती: सोरा, कोळसा, गंधक. ही काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त भाग घन कणांच्या रूपात उरतो. त्याचाच धूर होतो आणि नळीत काजळी साचते. धुरामुळे सैनिकाला समोरचं दिसत नसे, उलट त्याचीच जागा उघडी पडे. फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये धूर जवळजवळ न करणारी दारू बनवली होती, आणि १८८६ च्या लेबेल रायफलमध्ये ती वापरातही आली होती. ब्रिटनने मग कॉर्डाइट आणलं. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडं व्हॅसलिन, शेवयांसारख्या दोऱ्यांच्या रूपात.

पण कॉर्डाइट फार गरम जळतं. मेटफर्डच्या उथळ खाचा त्याने लवकर झिजू लागल्या. म्हणून १८९५ मध्ये एनफिल्डच्या कारखान्यातली खोल खाचांची नळी आली आणि रायफल झाली ली-एनफिल्ड. दारू बदलली, नळी बदलली, पण ली यांचा बोल्ट आणि पेटी मूळ रूपात तशीच राहिली. एक मॉड्यूल बदललं तरी बाकी सिस्टिम चालू राहावी, हे आम्ही कोड लिहिताना धडपडून साधतो. ली यांनी ते लोखंडात साधलं होतं.

१९०४ मध्ये ली वारले. त्यांची रायफल मात्र दोन महायुद्धं लढली. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, त्यांच्या हातीही ली यांचीच यंत्रणा होती. तिची काडतुसं पुण्याजवळ खडकीतही बनत. त्यांच्या बुडावर खडकीच्या कारखान्याची खूण म्हणून ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं असत.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात पोलिसांकडे हीच रायफल होती आणि समोर एके-४७. थ्री नॉट थ्रीमध्ये दर गोळीला हाताने बोल्ट ओढावा लागतो. एके-४७ मध्ये ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. तरीही काही जण तीच घेऊन उभे राहिले. १८७९ च्या पेटंटमधल्या माणसाला यात दोष देता येत नाही. डिझाइन टिकाऊ होतं, म्हणून ते कधी बदलायचं हा प्रश्न पुढे ढकलत राहणं सोपं गेलं. त्याचा भार मात्र ती रायफल हातात असलेल्या शिपायावर पडला.