दादासाहेब फाळके आणि छायाचित्रणाची विद्या

अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीच्या आसपास आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचीं घरें आहेत. चादरींच्या व टॉवेलांच्या मागांचा खडखडाट जेथें सदैव कानीं पडतो, त्या वस्तींतील एक गृहस्थ पालकसभेस आले होते. त्यांचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. आतां ज्याच्या त्याच्या हातांत मोबाईल आला. शिवाय संगणक तर जगांत नसलेल्या माणसाचेंही हुबेहूब चित्र तयार करून देतो. अशा काळांत मुलास हा धंदा शिकवावा कीं नाहीं, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. तेव्हां आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. घरीं आल्यावर एका थोर पुरुषाचें चरित्र आठवलें, तें विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं येथें देत आहों.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील संस्कृतचे शास्त्री, घरची विद्या पोथीची; परंतु मुलाचा ओढा चित्रकलेकडे. म्हणून १८८५ सालीं ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें दाखल झाले. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत त्यांनीं छायाचित्रण व छपाई या विद्या हस्तगत केल्या.

विद्या मिळाली, पण भाकरी सहज मिळाली नाहीं. गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रणाचा धंदा मांडला, तों प्लेगच्या साथींत पत्नी व मूल दोन्हीं अंतरलीं. बडोद्यास परत येऊन पुन्हां दुकान थाटलें, तर कॅमेरा माणसाची शक्ति शोषून घेतो व त्याचें आयुष्य घटवितो, अशी समजूत गांवांत पसरली. गिऱ्हाईक फिरकेना. पुढें पुराणवस्तु खात्यांत त्यांनीं छायाचित्रकाराची नोकरी केली; ती सोडून छापखाना काढला; आणि भागीदारांशीं मतभेद होतांच तोही सोडला. वय चाळिशीचें, पदरीं मुलेंबाळें, आणि हातीं उद्योग नाहीं, अशी त्यांची स्थिति झाली.

अशा वेळीं गिरगांवांतील एका चित्रगृहांत त्यांनीं प्रभु येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असतां त्यांच्या मनांत राम व कृष्ण यांचीं चरित्रें उभीं राहूं लागलीं. छायाचित्र चालूं शकतें, तर आपल्या देशाच्या कथाही चालतील, हा ध्यास त्यांनीं घेतला. रोज तासन्‌तास चित्रपट पाहून डोळ्यांवर एवढा ताण पडला कीं दृष्टि जाण्याची वेळ आली. उपचारांनीं ती वांचली. मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनला गेले, तेथें हें तंत्र पाहिलें आणि कॅमेरा विकत घेतला.

परत आल्यावर त्यांनीं काय केलें, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवून महिनाभराहून अधिक काळ ते रोज थोडें थोडें चित्र घेत राहिले. तीं चित्रें एकामागून एक पडद्यावर सोडतांच बीज फुटलें, अंकुर वर आला, वेल झाली! प्रत्येक चित्र स्थिर; पण जुळवणीनें त्यांत जणूं प्राण आला. हें पाहून सावकारांचा विश्वास बसला व भांडवल मिळालें.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, तेव्हां अण्णा साळुंके या पुरुषानें ती केली. द्वितीय पत्नी सरस्वतीबाई मंडळींचा स्वयंपाक करीत, शिवाय फिल्मला भोंकें पाडण्याचें कामही करीत. या माउलीचा वांटा विसरणें म्हणजे अर्धेंच चरित्र सांगणें होय.

पुढें नाशकास त्यांनीं अनेक चित्रपट काढले. परंतु ज्या बदलानें त्यांस वर आणलें, तसाच दुसरा बदल त्यांच्यावर उलटला. १९३१ सालीं ‘आलम आरा’ आला व चित्र बोलूं लागलें. मूकपटांचे दिवस संपले. उतारवयांत त्यांनीं १९३७ सालीं ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. पण पहिले वैभव परत आलें नाहीं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें निधन झालें. १९६९ पासून त्यांच्या नांवें चित्रपटक्षेत्रांतील मोठा राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.

त्या गृहस्थांस आम्ही आतां असें सांगूं. हा धंदा सुरक्षित आहे, असें वचन आम्ही देऊं शकत नाहीं. फाळक्यांसही तें कोणी दिलें नव्हतें. कांचेच्या पट्ट्या गेल्या, फिल्मही बहुतेक गेली, उद्यां मोबाईलही जाईल. म्हणून मुलास केवळ यंत्र शिकवूं नये; पाहावयास शिकवावें. संगणक न पेरलेल्या वाटाण्याचीही वेल दाखवील. पण आपल्या गल्लींतील आजीचा चेहरा आज कसा आहे, हें टिपण्यास कोणीतरी तिच्यासमोर जाऊन उभें राहावें लागतें. तेवढी चिकाटी व तेवढें इमान मुलाच्या अंगीं असेल, तर त्यानें ही विद्या अवश्य शिकावी. आणि ती बदलेल तेव्हां, फाळक्यांप्रमाणें, चाळिशींतही पुन्हां विद्यार्थी होण्यास लाजूं नये.