मलिक अंबर आणि हर्सूलचे पाणी

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या बागेवर लिहा, असा आग्रह झाला. बागेची हकीकत थोडकीच. इंग्लंडात खेड्यातल्या घरांपुढे असते तशी, रांगा न आखता फुलांची दाटी असलेली रंगीत बाग करायची म्हणून आपण गुलखैरा, कॉसमॉस, झेंडू, गुलबक्षी एकाच वाफ्यात लावली. हिवाळाभर काय शोभा होती! एप्रिलात बोअर आटले, टँकर सुरू झाले आणि वाफे उजाड. चूक आपलीच. रोपे आधी, पाण्याचा विचार नंतर. ज्याने आधी पाणी पाहिले, त्या मलिक अंबरविषयीच मग लिहितो.

1548 च्या सुमारास त्याचा जन्म इथिओपियातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. हात बदलत बगदाद आणि तिथून दख्खन. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. गंमत म्हणजे हा धनीही मूळचा हबशी गुलामच. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा बुडती निजामशाही त्यानेच सावरली. गनिमी काव्याने जहांगिराच्या फौजांना जेरीस आणले. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. जमीन मोजून, कस पाहून सारा ठरवायची त्याची पद्धत मला पीककर्जाची प्रकरणे तपासताना नेहमी आठवायची.

1610 मध्ये त्याने खडकी वसवली. नावातच खडक, तिथे पाणी कुठले? त्याने उत्तरेकडे, आपल्या हर्सूलच्या बाजूला पाहिले. जमिनीत मुरलेले पाणी भूमिगत बांधीव नहरीत गोळा केले आणि नुसत्या उतारावर शहरात आणले. गाळ काढायला ठिकठिकाणी तोंडे, हवा मोकळी व्हायला मनोरे, पुढे मातीचे नळ आणि हौद. झाकलेले पाणी, म्हणून उन्हाने उडत नाही. वीज नाही, पंप नाही, तरी ही नहर विसाव्या शतकातही वाहत होती. (पाणचक्कीची नहर वेगळी, नंतरची. पुष्कळजण गल्लत करतात.)

1626 मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. आपल्यातले किती जण तिथे गेले असतील?

यंदा वाफे खणण्याआधी गच्चीचे पावसाचे पाणी बोअरकडे वळवायचे ठरले आहे. पाइपाची मापे घेऊन झाली. गुलबक्षीचे गड्डे मात्र जमिनीत तग धरून आहेत.