गणेशखिंडीचा लाटसाहेब

स्थलांतर प्रमाणपत्रासाठी विद्यापीठात गेलो होतो. खिडकी उघडायला अवकाश होता, म्हणून एका वडाखाली बसलो. ही सावली कोणाची, हा प्रश्न तेव्हा मनात आला आणि पुढे ग्रंथालयात शोध घेता घेता सर बार्टल फ्रिअरपाशी येऊन पोचलो.

१८१५ साली वेल्समध्ये जन्मलेला हा गृहस्थ १८३४ मध्ये मुंबईस आला आणि पुढल्याच वर्षी पुण्यास असिस्टंट कलेक्टर झाला. साताऱ्यास रेसिडेंट असताना, १८४८ मध्ये, छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. दत्तक मान्य करावा असे फ्रिअरचे मत होते. डलहौसीने राज्य खालसा केले, आणि त्या खालसा मुलखाचा कारभार फ्रिअरनेच पाहिला. मत एक आणि नोकरी दुसरी! पुढे सिंधमध्ये कारभार करून १८६२ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला.

अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. फ्रिअरने मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडविला, आणि १८६४ मध्ये गणेशखिंडीच्या माळावर गव्हर्नरचा पावसाळी वाडा बांधायला काढला. १८१७ मध्ये पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढली ती याच परिसरात. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. वाड्याचे काम मात्र थांबले नाही. खर्च सोळा-सतरा लाखांवर गेला व उधळपट्टीची चर्चा विलायतेपर्यंत पोचली. १८६७ मध्ये फ्रिअर परत गेला, वाडा पुरा झाला १८७१ मध्ये. हौस त्याची, राहणारे दुसरेच.

उघड्या माळावर बाग फुलवायची तर पाणी हवे. त्यासाठी पाषाणला रामनदीवर बांध घालून तलाव केला. या चरित्रात मला सर्वांत लक्षणीय वाटते ती हीच गोष्ट. ज्या झाडीला आपण निसर्ग म्हणतो, ती रयतेच्या पैशाने आणि शेजारगावच्या पाण्याने वाढली.

पुढे दक्षिण आफ्रिकेत फ्रिअरने १८७९ चे झुलू युद्ध ओढवून घेतले, त्याला परत बोलावण्यात आले आणि १८८४ मध्ये तो वारला.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले. ४११ एकरांचा हा परिसर त्याचा झाला आणि लाटसाहेबाचा वाडा त्याची मुख्य इमारत. मग विभाग वाढले, वसतिगृहे आली, संशोधनसंस्था आल्या. त्यांचा लाभ घेणाऱ्यांत मीही आहे, म्हणून तक्रार करताना जीभ अडखळते. पण प्रत्येक नव्या इमारतीखाली थोडी माती गाडली जाते, आणि तिच्यात मुरणारा पाऊस रस्त्याने वाहू लागतो. फाटकाबाहेरचा उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, दुसरा बांधायला घेतला. रस्तारुंदीत जुनी झाडे गेली. तिकडे पाषाणच्या तलावात रामनदीबरोबर सांडपाणी उतरते आणि जलपर्णी माजते.

दाखला घेऊन परतताना पुन्हा त्या वडापाशी थांबलो. खोडावर पांढऱ्या रंगाने एक आकडा घातलेला दिसला. पारावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारले, हा मोजणीचा की तोडणीचा? त्यांनाही ठाऊक नव्हते.