विश्लेषण : हिंगणघाटच्या लॅम्बटन यांचे उपग्रहचित्रांशी नाते काय?

यवतमाळलगतच्या लोहाऱ्याचे उपग्रहचित्र नकाशावर आपोआप जागेवर बसत नाही. रस्त्याची चौफुली, पुलाचे टोक अशा जमिनीवर नेमक्या मोजलेल्या खुणांशी ते जुळवावे लागते. दुरून केलेले मोजमाप जमिनीवरच्या मापाशी ताडून पाहण्याची ही शिस्त भारतात ज्यांनी मोठ्या प्रमाणावर राबवली, ते विल्यम लॅम्बटन शेजारच्या वर्धा जिल्ह्यात मरण पावले.

लॅम्बटन कोण होते?

यॉर्कशायरमध्ये जन्मलेले लॅम्बटन ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते. १७९९ मधील श्रीरंगपट्टणच्या लढाईत ते होते. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर त्यांनी दक्षिण भारत किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत मोजण्याची योजना मांडली.

मोजणी कशी झाली?

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पायारेषेचे काम सुरू झाले. सुमारे १२ किलोमीटरची ही रेषा १०० फुटी पोलादी साखळीने मोजायला ५७ दिवस लागले. उन्हाने साखळी लांबते, म्हणून ती सावलीत ठेवून तापमान नोंदले जाई. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. पण पहिल्या रेषेतली चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरते. म्हणून लॅम्बटन ठरावीक अंतरानंतर जमिनीवर नवी रेषा मोजत आणि गणिताचे उत्तर तिच्याशी ताडून पाहत.

अडचणी कोणत्या आल्या?

१८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना सुमारे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र आदळून वाकले. कित्येक आठवडे खपून लॅम्बटन यांनी स्वतः ते सरळ केले. १८१८ मध्ये या कामाला ‘ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट सहायक म्हणून आले. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले. एव्हरेस्ट यांनी ही मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. जगातील सर्वोच्च शिखराला त्यांचे नाव मिळाले. लॅम्बटन यांची कबर हिंगणघाटला आहे.

आज त्याचा संबंध काय?

अवकाशातला कॅमेरा कालांतराने मंदावतो आणि तपासणीसाठी खाली आणता येत नाही. म्हणून कच्छच्या रणासारख्या सपाट, एकसारख्या जमिनीवरून परावर्तित होणारा प्रकाश प्रत्यक्ष मोजतात. उपग्रहाने त्याच जागेची नोंदलेली चमक त्याच्याशी ताडतात आणि फरक आढळल्यास दुरुस्ती करतात. जागेसाठी चौफुली, चमकेसाठी रण.

ही पडताळणी चुकली तर कपाशीचे निरोगी पीक चित्रात रोगट दिसू शकते, किंवा एकाच्या शेताचे नुकसान शेजाऱ्याच्या बांधात दिसू शकते. साखळीच्या जागी कॅमेरा आला, तरी मापाचा अंतिम निवाडा आजही जमिनीवरच होतो.