इअरफोन कानात घालण्याआधी : ग्रॅहम बेल यांची कानांशी जुळलेली गोष्ट

दापोलीहून बुरोंडीला येणाऱ्या एसटीत खिडक्यांच्या काचांचा खडखडाट असा असतो की साधे इअरफोन लावून गाणं ऐकायचं तर व्हॉल्यूम फुल्ल करावा लागतो. म्हणून मी रबरी टोकाचे, कानात घट्ट बसणारे इअरफोन घेतले. बाहेरचा आवाज खरंच अडला, पण व्हॉल्यूम मात्र मी सवयीने फुल्लच ठेवला. काही दिवसांनी एका रात्री कानात बारीक शिट्टी सुरू झाली आणि सकाळपर्यंत थांबली नाही.

ती शिट्टी बाबांच्या ओळखीची निघाली. मासेमारीच्या होडीवर इंजिनाजवळ त्यांची कित्येक वर्षं गेली. आता आईने स्वयंपाकघरातून हाक मारली तर त्यांना कळत नाही.

त्यानंतर मी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याबद्दल वाचलं, आणि लक्षात आलं की टेलिफोनची गोष्ट मुळात कानांची गोष्ट आहे.

आईचं कपाळ

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ ला स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात झाला. आजोबा आणि वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. आईला फार कमी ऐकू यायचं. बाकीचे लोक तिच्या कानाच्या नळीत मोठ्याने बोलत. हा मुलगा मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोलायचा. आवाज म्हणजे कंप, हे त्यांना घरातच कळलं होतं.

दोन्ही भाऊ क्षयाने गेले. १८७० मध्ये उरलेलं कुटुंब कॅनडाला आलं. पुढच्या वर्षी बेल अमेरिकेत बॉस्टनला बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागले. मेबल हबर्ड ही त्यांची एक विद्यार्थिनी. पाच वर्षांची असताना तापात तिची श्रवणशक्ती गेली होती. १८७७ मध्ये दोघांचं लग्न झालं.

खऱ्या कानाचं यंत्र

१८७४ मध्ये बेल यांनी एका डॉक्टरमित्राकडून मृत माणसाचा कान मिळवला. त्याच्या आतल्या हाडाला गवताची काडी जोडली आणि काजळी धरलेल्या काचेवर आवाजाच्या रेघा उमटवल्या. एवढासा पातळ पडदा हाडं हलवतो, तर मोठा पडदा लोखंड का हलवणार नाही? टेलिफोनची कल्पना या प्रश्नातून पक्की होत गेली. ७ मार्च १८७६ ला पेटंट मिळालं. एलिशा ग्रे यांचा अर्जही त्याच दिवशी दाखल झाला होता, ज्या दिवशी बेल यांचा झाला. त्यामुळे श्रेयावरून वाद झाला, तो आजही निघतो. १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज मुंबईतही आलं.

तुमच्या इअरफोनच्या आतही असाच एक छोटा पडदा हलत असतो. फरक इतकाच की आता तो तुमच्या कानाच्या पडद्यापासून जेमतेम बोटभर अंतरावर आहे.

बेल यांची एक बाजू टोचते. बहिऱ्यांनी खुणांची भाषा सोडून बोलायलाच शिकावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे अनेक बहिरे लोक आजही त्यांच्यावर नाराज आहेत.

२ ऑगस्ट १९२२ ला ते गेले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. नंतर आवाज मोजायच्या एककाला त्यांचं नाव मिळालं : बेल, आणि त्याचा दहावा भाग डेसिबल.

आता तुमचे कान

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. घट्ट बसणाऱ्या इअरफोनचा खरा फायदा इथे आहे : बाहेरचा आवाज अडला की व्हॉल्यूम कमी ठेवता येतो.

- टोकं तीन मापांची मिळतात. दोन्ही कानांना एकच माप बसेल असं नाही. बेस गायब वाटला तर फट राहिली आहे, माप बदला. व्हॉल्यूम वाढवू नका.
- सिलिकॉनची टोकं काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण सुकल्यावरच लावा. फोमची टोकं भिजवू नका, खराब झाली की बदला.
- जाळीवरचा मळ मऊ ब्रशने झटका, जाळी खाली धरून. सुई किंवा टाचणी घालू नका.
- आमच्या किनाऱ्यावर खारी हवा आणि घाम दोन्ही असतात. वापरून झालं की कोरड्या कापडाने पुसा, मग डबीत ठेवा.
- वायर प्लग धरून काढा, ओढू नका.
- रस्त्यावर चालताना, गाडी चालवताना दोन्ही कान मोकळे ठेवा. हॉर्नही अडतो.
- शिट्टी थांबत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

माझी शिट्टी दोन दिवसांनी गेली. मी आता व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवतो. आणि बाबांशी बोलताना ओरडत नाही. जवळ जाऊन, समोर बसून, सावकाश बोलतो. त्यांना कळतं.