चवदार तळे आणि राज्याच्या तीन सत्ता



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगते. परंतु राज्याची सत्ता एका हाती का नसावी, हे बाबासाहेब कसे जाणत होते, तेही मुलांना सांगा.

१८९१ साली महू येथे जन्मलेले भीमराव कोलंबिया व लंडन येथे शिकून बॅरिस्टर झाले. कायदेमंडळ कायदा करते, कार्यकारी मंडळ तो अमलात आणते आणि न्यायमंडळ निवाडा करते, हे ते पुस्तकातून शिकले होतेच. महाडला त्याचा अनुभव आला.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. पण हे सारे कागदावरच राहिले. अंमल कोणी केला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या बांधवांसह ते पाणी प्राशन केले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सनातनी मंडळींनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. हजारो लोक जमले होते, तरी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला व प्रतिवादी म्हणून खटला लढविला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या न्यायसंस्थेने वाट अडविली, तिनेच ती मोकळी केली.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी ते मसुदा समितीवर नेमले गेले व तिचे अध्यक्ष झाले. इंग्रजी अमलात जिल्ह्याच्या साहेबाकडे कारभारही असे आणि फौजदारी न्यायही. पकडणारा व शिक्षा देणारा एकच असेल, तर गरिबाने दाद कोठे मागावी? म्हणून न्यायसंस्था कारभारापासून वेगळी करण्यास सांगणारे कलम ५० संविधानात आले. कनिष्ठ न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत ही विभागणी देशभर पोचण्यास १९७४ साल उजाडले. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट देणारे कलम ३२ तर बाबासाहेब संविधानाचा प्राण मानीत.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवन, जिल्हाधिकारी कचेरी आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ जवळजवळच आहेत. मुलांना ही तिन्ही ठिकाणे दाखवा. ठराव झाला म्हणून स्वस्थ बसू नका. अंमल कोणी करायचा ते विचारा. अंमल झाला नाही, तर कोर्टाची पायरी चढा. महाडच्या पाण्यासाठी बाबासाहेब दहा वर्षे याच वाटेने चालले.

जय भीम!